संघ खाली जातो तेव्हा खेळाडू कुठे जातात?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ खेळतात. मोसम संपला की गुणतक्त्यातल्या तळाच्या तीन संघांची खालच्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये रवानगी होते आणि तिथले तीन संघ वर येतात. या घसरणीलाच रेलिगेशन म्हणतात. इंग्लंडमध्ये फुटबॉल लीग १८८८ मध्ये सुरू झाली, १८९२ मध्ये दुसरी श्रेणी आली आणि १८९८-९९ च्या मोसमापासून गुणतक्त्यानुसार थेट चढ-उतार होऊ लागले. सव्वाशे वर्षांत नियमाचा गाभा तोच राहिला, पण वरची आणि खालची श्रेणी यांच्यातले आर्थिक अंतर इतके वाढले की आज एका संघाची घसरण म्हणजे शेकडो माणसांच्या पगाराचा प्रश्न होतो. त्या उन्हाळ्यात कोण थांबतो, कोण जातो, कोणाला विकले जाते आणि कोणाला कोणीच घेत नाही, यावर त्या क्लबची पुढची दहा वर्षे ठरू शकतात.

सुरुवात पैशापासून करावी लागते. प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या क्रमांकावर राहणाऱ्या संघालाही अलीकडच्या वर्षांत दूरचित्रवाणी हक्क आणि लीगच्या इतर सामायिक उत्पन्नातून १० कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळते. चॅम्पियनशिपमधल्या साधारण क्लबला या मार्गाने मिळणारी रक्कम त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. हा धक्का सोसता यावा म्हणून खाली आलेल्या क्लबला लीगकडून ‘पॅराशूट पेमेंट’ दिले जाते. प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबला दूरचित्रवाणी उत्पन्नाचा जो समान वाटा मिळतो, त्याच्या ५५ टक्के पहिल्या वर्षी, ४५ टक्के दुसऱ्या वर्षी आणि २० टक्के तिसऱ्या वर्षी. क्लब वरच्या श्रेणीत एकच मोसम राहून खाली आला असेल, तर तिसऱ्या वर्षाचा हप्ता मिळत नाही. ही मदत मोठी आहे. चॅम्पियनशिपमधल्या इतर क्लबांना ती अन्यायकारक वाटते आणि त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे, कारण एकाच स्पर्धेत खेळणाऱ्या दोन संघांच्या तिजोऱ्यांत त्यामुळे फार मोठी तफावत पडते. तरीही घसरलेल्या क्लबचे उत्पन्न पहिल्याच वर्षी निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, आणि खेळाडूंचे पगार मात्र आपोआप निम्मे होत नाहीत.

याचे कारण करारात आहे. व्यावसायिक फुटबॉलपटू ठरावीक मुदतीच्या करारावर खेळतो. फिफाच्या नियमांनुसार ही मुदत साधारणपणे जास्तीत जास्त पाच वर्षे असते. मोसम चालू असताना कोणत्याही बाजूला एकतर्फी करार मोडता येत नाही, आणि संघ खाली गेला एवढ्यावरून तो मोडण्याचे वैध कारणही मिळत नाही. आठवड्याला ५० हजार पौंडांवर चार वर्षांचा करार झाला असेल आणि पहिल्याच वर्षी संघ घसरला, तर उरलेली तीन वर्षे क्लबला तेवढाच पगार द्यावा लागतो. खेळाडूही त्याच कराराने बांधलेला असतो. दुसरा क्लब ट्रान्सफर फी देऊन त्याला सोडवत नाही, तोवर त्याला तिथेच राहावे लागते.

म्हणून शहाणे क्लब घसरणीची तरतूद सही करतानाच करून ठेवतात. सर्वांत प्रचलित कलम पगारकपातीचे. संघ खाली गेला तर पगार अमुक टक्क्यांनी कमी होईल, असे त्यात लिहिलेले असते. ही कपात एक चतुर्थांशापासून निम्म्यापर्यंत असू शकते. चांगला खेळाडू किंवा त्याचा एजंट असे कलम सहजासहजी मान्य करत नाही. त्याच्या बदल्यात तो दुसरे कलम मागतो: संघ घसरल्यास ठरलेली रक्कम देणाऱ्या कोणत्याही क्लबकडे जाण्याची मोकळीक. ही रक्कम बाजारभावापेक्षा बरीच कमी असू शकते, कधी कधी ती शून्यही असते. तिसरा प्रकार लोनवर, म्हणजे एका मोसमापुरते उसने, जाण्याच्या हक्काचा. जर्मनीत तर अनेक करार फक्त बुंडेसलिगापुरतेच वैध असतात. संघ दुसऱ्या श्रेणीत गेला की तो करारच संपतो आणि खेळाडू विनामूल्य मोकळा होतो. प्रेक्षकाला उन्हाळ्यात जो निष्ठेचा किंवा विश्वासघाताचा प्रसंग दिसतो, त्याचा निकाल पुष्कळदा दोन-तीन वर्षे आधीच, सगळे आनंदात असताना, कागदावर लागलेला असतो. खेळाडूला दोष देण्याआधी तो कागद लक्षात घ्यायला हवा.

पूर्वीचे खेळाडू एकाच क्लबशी आयुष्यभर एकनिष्ठ राहत, हे इंग्लंडमध्ये आजही ऐकू येते. त्यात सत्य आहे, पण त्या निष्ठेमागे सक्तीही होती. १९०१ पासून इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा होती. १९६१ मध्ये ती उठली, तेव्हा मर्यादा आठवड्याला २० पौंड होती. शिवाय करार संपला तरी क्लबच्या परवानगीवाचून खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. प्रेस्टन नॉर्थ एंडचा टॉम फिनी हा इंग्लंडच्या सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंपैकी एक. १९४९ मध्ये प्रेस्टन दुसऱ्या श्रेणीत घसरला, फिनी तिथेच राहिला आणि १९५१ मध्ये संघ पुन्हा वर आला. पुढच्याच वर्षी इटलीच्या पालेर्मोने त्याला सही करण्याबद्दल १० हजार पौंड देऊ केले. क्लबच्या अध्यक्षाने नकार दिला आणि विषय तिथेच मिटला. फिनीचे प्रेस्टनवर प्रेम होते यात शंका नाही. पण ते नसते तरी त्याला तिथेच राहावे लागले असते.

ही बेडी दोन खटल्यांनी सैल केली. जॉर्ज ईस्टहॅमने न्यूकॅसलविरुद्ध केलेल्या दाव्यात १९६३ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने खेळाडूला अडकवून ठेवण्याची जुनी पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरचे अवाजवी बंधन ठरवली. १५ डिसेंबर १९९५ रोजी युरोपीय न्यायालयाने बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोस्मनच्या बाजूने निकाल दिला. करार संपल्यावर लिएज क्लबने त्याच्यापुढे आधीच्या एक चतुर्थांश पगाराचा नवा करार ठेवला होता आणि त्याच वेळी दुसऱ्या क्लबकडे जाण्याची वाटही अडवली होती. या निकालानंतर युरोपीय संघातल्या देशांत करार संपलेला खेळाडू ट्रान्सफर फीशिवाय मोकळा होऊ लागला. निष्ठा खऱ्या अर्थाने खेळाडूच्या निवडीवर आली ती इथून पुढे.

घसरलेल्या क्लबची बाजारातली स्थिती मात्र वाईटच असते. खरेदी-विक्रीचा काळ उन्हाळ्यात काही आठवड्यांपुरताच खुला असतो आणि क्लबला विकणे भाग आहे हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ठाऊक असते. भाव पडतो. त्यात हिशेबाची एक रीत आहे, ती समजून घेण्यासारखी आहे. २ कोटी पौंडांना पाच वर्षांच्या करारावर आणलेल्या खेळाडूची किंमत ताळेबंदात दरवर्षी ४० लाखांनी कमी होत जाते. दोन वर्षांनी तो १ कोटी २० लाखांच्या खाली विकला तर पुस्तकात तोटा दिसतो. क्लबच्या स्वतःच्या अकादमीत वाढलेल्या मुलाची पुस्तकी किंमत जवळजवळ शून्य असते, त्यामुळे त्याच्या विक्रीचा जवळपास सगळा पैसा नफा ठरतो. तोट्यावर मर्यादा घालणारे आर्थिक नियम आल्यापासून या नफ्याचे मोल आणखी वाढले आहे. याचा परिणाम क्रूर आहे. ज्या मुलाची नाळ त्या गावाशी जुळलेली असते, जो लहानपणापासून तोच शर्ट घालत आला, त्यालाच विकणे क्लबला सगळ्यात फायद्याचे पडते. सँडरलंडच्या अकादमीतला गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड २०१७ च्या घसरणीनंतर लगेच अडीच कोटी पौंडांना, शिवाय पुढच्या अटींनुसार आणखी रकमेच्या बोलीवर एव्हर्टनला गेला. लेस्टर २०२३ मध्ये खाली गेला, तेव्हा तिथेच घडलेला हार्वी बार्न्स न्यूकॅसलकडे गेला. अशा व्यवहारांत ‘तो गेला’ म्हणण्यापेक्षा ‘त्याला विकला’ म्हणणे बहुतेक वेळा अधिक खरे असते.

लीड्स युनायटेडची कथा या बाबतीत सर्वांत बोलकी आहे. २००१ मध्ये हा संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत होता. भविष्यातल्या तिकीटविक्रीच्या तारणावर क्लबने ६ कोटी पौंड कर्ज उचलले होते आणि दरवर्षी चॅम्पियन्स लीगमध्ये खेळायला मिळेल असे गृहीत धरून पगार वाढवले होते. तसे घडले नाही. २००२ मध्ये रिओ फर्डिनांड सुमारे ३ कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला, पाठोपाठ रॉबी कीन, वुडगेट, क्यूएल गेले, आणि मे २००४ मध्ये लीड्स खाली घसरला. घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यानंतर चाहत्यांनी ॲलन स्मिथला खांद्यावर घेतले. तो लीड्समध्ये वाढलेला, त्यांच्याच अकादमीतला आघाडीपटू. काही आठवड्यांतच तो ७० लाख पौंडांना मँचेस्टर युनायटेडकडे गेला. लीड्सच्या माणसाला याहून जिव्हारी लागणारा क्लब दुसरा नाही, आणि तिथे आपण कधीच जाणार नाही असे स्मिथ पूर्वी म्हणालाही होता. खांद्यावर घेतलेला मुलगा गद्दार ठरला. पण त्या उन्हाळ्यात लीड्सला मिळेल तो पैसा हवा होता. गोलरक्षक पॉल रॉबिन्सन, मार्क विदुका, १८ वर्षांचा जेम्स मिलनर, असे सगळेच विकले गेले. तरीही २००७ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला आणि तिसऱ्या श्रेणीत पोचला. प्रीमियर लीगमध्ये परतायला त्याला २०२० साल उजाडले.

स्मिथच्या आयुष्यात पुढे जे घडले ते क्वचितच सांगितले जाते. २००९ मध्ये तो न्यूकॅसलमध्ये असताना तोही संघ घसरला. मायकेल ओवेन, ओबाफेमी मार्टिन्स, डेमियन डफ यांनी वाट धरली. स्मिथ थांबला. केविन नोलन, स्टीव्ह हार्पर, फाब्रिसिओ कोलोचिनी, होनास गुटिएरेझ यांच्यासोबत तो चॅम्पियनशिप खेळला आणि १०२ गुणांसह न्यूकॅसल पहिल्याच प्रयत्नात वर आला. माणूस तोच, करार आणि परिस्थिती वेगळी. जर्मेन डिफोचे उदाहरण असेच विचार करायला लावते. २००३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही घसरला, तेव्हा विशीतल्या डिफोने एका दिवसाच्या आत सोडण्याचा अर्ज दिला आणि चाहत्यांचा कायमचा रोष ओढवून घेतला. २०१७ मध्ये सँडरलंड घसरल्यावर करारातल्या कलमामुळे तो विनामूल्य बोर्नमथला गेला, आणि सँडरलंडच्या लोकांनी त्याला प्रेमाने निरोप दिला. दोन मोसम त्याचे गोल होते म्हणूनच आपण टिकलो, हे त्यांना माहीत होते. जाणे लोक पचवू शकतात. जाण्याची घाई त्यांच्या जिव्हारी लागते.

न जाणाराही प्रश्न होऊ शकतो. सँडरलंडचा मध्यरक्षक जॅक रॉडवेल २०१४ मध्ये १ कोटी पौंडांना मँचेस्टर सिटीकडून आला होता. आठवड्याला सुमारे ७० हजार पौंड पगार असल्याच्या बातम्या होत्या. घसरणीनंतर सहकाऱ्यांचे पगार ४० टक्क्यांनी कमी झाले, त्याच्या करारात मात्र असे कलमच नव्हते. दुखापती आणि हरवलेला सूर यांमुळे तो मैदानात फारसा दिसला नाही. क्लबने करार संपवू म्हटले, त्याने नकार दिला. सँडरलंड २०१८ मध्ये आणखी एक पायरी खाली, तिसऱ्या श्रेणीत गेला, तेव्हा कुठे परस्परसंमतीने तो मोकळा झाला. शहरभर त्याच्यावर संताप होता आणि तो समजण्यासारखा आहे. पण दोन्ही बाजूंनी सही केलेला करार पाळायला सांगणे हा गुन्हा नव्हे. कलम घालायला विसरणारी माणसे व्यवस्थापनात होती.

याच्या उलट टोकाला ब्रॅडफर्ड सिटीचा बेनितो कार्बोने दिसतो. २००० मध्ये या छोट्या क्लबने त्याला आठवड्याला ४० हजार पौंडांवर आणले, वर्षभरात संघ घसरला आणि २००२ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. कार्बोनेचे क्लबकडून येणे लाखो पौंडांचे होते. त्यातला मोठा भाग त्याने सोडून दिला आणि क्लबवरचे मोठे ओझे हलके झाले. तो ब्रॅडफर्डमध्ये फार काळ खेळला नाही. तरी वर्षानुवर्षे थांबून शर्टावरचे बोधचिन्ह चुंबणाऱ्या कित्येकांपेक्षा त्याने त्या क्लबसाठी अधिक केले, असे म्हणायला हवे.

थांबण्याची सर्वांत गाजलेली गोष्ट इटलीतली आहे. २००६ मध्ये पंचांच्या नेमणुकांवर दबाव आणल्याच्या ‘काल्चोपोली’ प्रकरणात युव्हेंटसला सेरी बी, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत पाठवण्यात आले. मैदानावर तो संघ पहिला आला होता, त्यामुळे ही घसरण खेळाडूंच्या अपयशाची नव्हती. ९ जुलैला बर्लिनमध्ये इटली आणि फ्रान्स यांच्यात विश्वचषकाची अंतिम लढत झाली, त्यात दोन्ही बाजूंनी मिळून युव्हेंटसचे आठ खेळाडू मैदानात उतरले. काही आठवड्यांत त्या आठांची बरोबर दोन वाटांवर विभागणी झाली. विश्वविजेता कर्णधार फाबिओ कान्नावारो रेआल माद्रिदला, लिलियन थुराम आणि जानलुका झाम्ब्रोता बार्सेलोनाला, पॅट्रिक व्हिएरा इंटरला गेला. बुफॉन, देल पिएरो, कामोरानेसी आणि त्रेझेगे राहिले. अंतिम सामन्यात नसलेला पावेल नेदवेदही राहिला, झ्लातान इब्राहिमोविच इंटरला गेला.

हा निर्णय सोपा नव्हता. संघाला सुरुवातीलाच ३० गुणांची वजावट सुनावण्यात आली होती. ती पुढे १७ आणि अखेर ९ वर आली. २८ वर्षांचा बुफॉन जगातला सर्वांत महागडा गोलरक्षक होता आणि तो विश्वचषक जिंकून आला होता. सप्टेंबरमध्ये तो रिमिनीच्या छोट्याशा मैदानावर उभा राहिला आणि युव्हेंटसला १-१ अशी बरोबरी पत्करावी लागली. दिदिए देशां प्रशिक्षक असलेला हा संघ वजावट पचवून सेरी बी जिंकला. देल पिएरो त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला, आणि पुढच्या वर्षी सेरी आ मध्येही. थांबणाऱ्यांना काही आधार होते हे नाकारण्याचे कारण नाही. युव्हेंटस श्रीमंत होता, एका वर्षात परतण्याची खात्री बाळगता येत होती. सँडरलंडच्या खेळाडूपाशी अशी खात्री नसते. तरीही बुफॉनच्या वयाच्या माणसाने ऐन भरातले एक वर्ष देणे ही खरीखुरी किंमत होती, आणि युव्हेंटसच्या तूरिनमध्ये ती आजही मोजली जाते. फिओरेन्तिना १९९३ मध्ये घसरली तेव्हा गॅब्रिएल बातिस्तुतानेही हेच केले होते. संघ वर आल्यानंतरच्या मोसमात त्याने २६ गोल केले आणि फ्लॉरेन्सने त्याचा पुतळा उभारला.

अलीकडे लोनच्या कलमाने सगळे चित्र पुन्हा बदलले आहे. २०२३ मध्ये लीड्स पुन्हा घसरला तेव्हा अनेक खेळाडूंच्या करारात लोनवर जाण्याचा हक्क होता. ब्रेंडन ॲरनसन युनिओन बर्लिनला, रॉबिन कोख फ्रँकफर्टला, रासमुस क्रिस्टेन्सेन रोमाला, जॅक हॅरिसन एव्हर्टनला गेला. क्लबवरचा पगाराचा भार हलका झाला, पण ट्रान्सफर फी हाती आली नाही आणि नवा संघ बांधायलाही पैसा उरला नाही. चाहत्यांना ही पळवाट वाटली. ॲरनसन मात्र वर्षभराने परतला, पुन्हा त्याच लोकांपुढे खेळला आणि २०२४-२५ मध्ये लीड्सने १०० गुणांसह चॅम्पियनशिप जिंकली, त्यात त्याचा वाटा होता. त्याच वर्षी सँडरलंडही आठ वर्षांनी प्रीमियर लीगमध्ये परतला.

या सगळ्या चर्चेत एक वर्ग नेहमी बाहेर राहतो. क्लबच्या कार्यालयात, तिकीटखिडकीवर, स्वयंपाकघरात, अकादमीत काम करणाऱ्या माणसांच्या हाती ना एजंट असतो ना जाण्याचे कलम. संघ घसरल्यावर खर्च कमी करताना बऱ्याच क्लबांत पहिली कुऱ्हाड या नोकऱ्यांवर पडते. एका खेळाडूच्या आठवड्याच्या पगारात यांतल्या एकाचे किंवा दोघांचे वर्ष निघू शकते. पगारकपातीच्या कलमाचा खरा आधार यांना असतो, म्हणून ते कलम आग्रहाने घालणे ही क्लबच्या चालकांची जबाबदारी आहे.

भारतात हा प्रश्न फार काळ उद्भवलाच नाही, कारण २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये खाली जाण्याची तरतूद नव्हती. २०२३ पासून तिच्या खालच्या आय-लीगच्या विजेत्याला वर घेण्यात आले, पण २०२४-२५ पर्यंत एकही संघ खाली गेला नाही. जुन्या आय-लीगमध्ये मात्र घसरण होती आणि गोव्याने ती भोगली आहे. वास्कोचा साळगावकर २००८ मध्ये पहिल्याच आय-लीगमधून खाली गेला, परतला आणि २०१०-११ मध्ये विजेता झाला. पाच वेळा राष्ट्रीय विजेता ठरलेला धेंपो २०१५ मध्ये घसरला, पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून त्याने परतीचा हक्क मिळवला, पण २०१६ मध्ये भारतीय फुटबॉलच्या नव्या रचनेच्या निषेधार्थ साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब दि गोवा यांच्यासह त्यानेही आय-लीग सोडली. धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परत आला, तोही खालच्या श्रेणीतून चढून.